सुरयाच्या चोचीचा रंग

कुंभारटेक, गोदाकाठ
४ मे

आत्या,

लांबूनच पाया पडते. जवळ असते तरी एकाच पायाला हात लावता आला असता, दुसरा तुझा प्लास्टरमध्ये. फोन करून पाहिला, पण तुझ्या कानातलं मशीन फोनवर नुसत्या शिट्ट्या मारतं, म्हणून पत्र. आमचा वाल्मीक रोज टेम्पोने टोमॅटो नाशिकच्या मार्केटला नेतो आणि त्याची बहीण तुमच्या देवळालीत कॅम्पातच राहते. तोच पत्र देईल आणि उत्तरही आणील.

काम असं आहे. आमच्या मळ्याखाली नदीत वाळूचं बेट उघडं पडलंय आणि त्यावर सुरय पक्षी बसलेत. काळी टोपी, कात्रीसारखी शेपटी. लहानपणी दारणेच्या काठी तू दाखवायचीस तसेच. घरटं कसलं, वाळूत नुसता खळगा आणि त्यात ठिपक्यांची अंडी. मोटर चालू करायला जाते तेव्हा मी रोज त्यांना बघत बसते. मनोज म्हणतात, "मोटर तू चालू करती का ती पाखरं?"

आता ऐक. पंधरा तारखेला वरच्या धरणातून पाणी सुटणार आहे. बेट बुडणार, अंडी जाणार. मी वनखात्याच्या धम्मपाल साहेबांना जाऊन भेटले. माणूस चांगला, स्वतः काठावर येऊन पाहून गेला, पण ऊन एवढं होतं की त्यांनाही काही ठरवता येईना. म्हणाले, "नदी सुरय असेल तर त्याच्यासाठी वरचे लोक पाणी थांबवणार नाहीत. पण काळ्या पोटाचा सुरय असेल, तर तो फार दुर्मीळ. मग मी भांडून पाणी पुढे ढकलायला लावीन. मात्र खात्रीचा कागद पाहिजे, दहा तारखेच्या आत. तुमच्या सुलाबाई आत्यांनी लिहून दिलं तर मला चालेल. पक्षीगणनेत मी त्यांचं काम पाहिलंय."

आणि आत्या, एकाचं पोट काळं आहे. दुपारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. फोटो सोबत ठेवलाय. बघ आणि लगेच लिही.

तुझी,
सायली


देवळाली कॅम्प
५ मे

सायली बाळा,

वाल्मीकने पत्र दिलं आणि नको नको म्हणत असताना ओट्यावर टोमॅटो ठेवून गेला. भला माणूस.

तुझा फोटो पाहिला. पक्षी आहे एवढं कळलं, पुढे काही नाही. मोबाईलवर काढून छापलास ना? वाऱ्यावर कापूस उडाल्यासारखा दिसतोय. एवढ्यावर मी सही केली तर धम्मपाल साहेब मला गणनेला परत बोलावणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल.

आता नीट वाच. काळपट पोट दिसलं की पहिला संशय मिशीवाल्या सुरयाचा घ्यायचा. उन्हाळ्यात त्याचंही पोट काजळतं. पण त्याची शेपटी आखूड, टोकाला जेमतेम खाच, आणि तो वाळूत अंडी घालत नाही. तेव्हा तो बाद. राहिले दोघे, आणि ते जुळ्या बहिणींसारखे. टोपी दोघांची काळी, पाय दोघांचे लाल, शेपटी दोघांची लांब. आईसुद्धा चुकेल. पण नदी सुरय अंगाने थोराड, पोट फिकं, चोच जाड आणि हळदीसारखी पिवळी. काळ्या पोटाचा सुरय लहान चणीचा, चोच बारीक आणि झेंडूसारखी नारिंगी. पोटाला आधी भुलू नकोस. चोच बघ. चोच नारिंगी असेल आणि पोटही काळं असेल, तर मी रांगत येऊन साहेबांना कागद देईन.

तो पक्षी मी सगळ्या आयुष्यात एकदाच पाहिलाय, आणि पाहूनही आठवडाभर स्वतःशीच भांडत होते. माझं शिक्षण चौथीचं. कॅम्पातल्या एका मॅडमनी बदलीच्या वेळी जुनी दुर्बीण दिली, पुढचं सगळं नदीकाठी बसून उमगत गेलं. त्या बसण्यातून एक कळलं: आपल्याला जे दिसावंसं वाटतं ते फार लवकर दिसतं. तुझ्या अंड्यांत माझाही जीव अडकलाय, म्हणून तर मला माझीच भीती वाटते.

कोणाकडे लांब भिंगाचा कॅमेरा असेल तर माग. जावईबापूंना सांग, मोटर काही दिवस त्यांनी चालू करावी.

आत्या


कुंभारटेक
७ मे

आत्या,

फोटो मिळाला! आमच्या गावात रोहित लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याकडे हातभर लांब भिंग आहे. काल दुपारी त्याला काठावर नेलं. बघ तूच. पक्षी मासा घेऊन खळग्यापाशी उतरलाय. पोट काळं. चोच नारिंगी. तू सांगितलीस तशीच, झेंडूसारखी. रोहितने छापताना थोडा उजेड वाढवला, बाकी काही नाही.

साहेबांचा फोन आला होता. आज-उद्या कागद मिळाला तर ते लगेच वर पाठवतील. वाल्मीकला मी थांबायला सांगितलंय. तू लिही आणि त्याच्याच हाती दे. जास्त विचार करू नकोस.

सायली


देवळाली कॅम्प
७ मे, तिन्हीसांजा

सायली,

वाल्मीकला मी रिकाम्या हाती परत पाठवलं. तो तुला सांगेलच. हे पत्र उद्याच्या फेरीला देईन.

आधी काय झालं ते सांगते. पाकीट उघडलं आणि माझ्या तोंडून अशी आरोळी निघाली की शेजारची मैना धावत आली, तिला वाटलं मी परत पडले. तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, "काकू, कावळा नाही ना? मग मला काय कळतंय!" मी तिच्याकडून कागद आणवला आणि साहेबांना पत्र लिहिलं. काळ्या पोटाचा सुरय, मी सुलाबाई, खात्रीने सांगते. सही केली. पाकीट चिकटवलं. वाल्मीक दारात टेम्पो चालू ठेवून उभा.

पाकीट त्याच्या हातात देताना म्हटलं, अजून एकदा डोळे भरून बघू. भिंग घेतलं.

बाळा, त्या पक्ष्याच्या चोचीत मासा आहे. चांदीसारखा. पण चोचीत धरलाय तेवढ्याच जागी मासाही नारिंगी आहे. अगदी चोचीच्या रेषेत. जसा नवरीच्या हळदीचा हात चुकून दुसऱ्याच्या गालाला लागावा. नारिंगी चोचीचा पक्षी असतो, पण मधोमध नारिंगी पट्ट्याचा मासा मी गोदावरीत पाहिला नाही, बाजारातही नाही.

आणि चोच जाड आहे.

मी रागावलेली नाही. फक्त विचारते. हा रंग कोणी लावला?

साहेबांचं पत्र मी फाडलेलं नाही. दिलेलंही नाही. तू खरं लिहीपर्यंत ते माझ्याजवळ राहील.

आत्या


कुंभारटेक
८ मे

आत्या,

मी लावला. म्हणजे मी सांगितलं आणि रोहितने लावला. तो म्हणत होता, "वहिनी, नवरीला गोरी करतो तसं हे पण होतंय, दोन मिनिटांचं काम हाय." चोच कोणत्या रंगाची असली की बेट वाचतं, हे तूच तर पत्रात लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि रात्रंदिवस मला दुसरं काही सुचेना.

तुला तिथे ओट्यावर बसून मासा मोजता येतो. मला इथे अंडी दिसतात. काल एक पक्षी भर उन्हात पंख अर्धे उघडून अंड्यांवर नुसता उभा होता, स्वतः धापा टाकत आणि अंड्यांवर सावली धरून. त्याची चोच पिवळी आहे म्हणून त्याची पिल्लं बुडाली तरी चालतील का? कोणी ठरवलं हे? एका शब्दाचा तर फरक आहे. नदी सुरय लिहिलं की मेले, काळ्या पोटाचा लिहिलं की जगले. तो शब्द तुझ्या हातात आहे आणि तू भिंग घेऊन बसलीस.

चोच मी केली, कबूल. पण पोट मी केलं नाही. आईशप्पथ. पोट काळंच आहे. मी चार वेळा पाहिलंय, दर वेळी दुपारी, आणि दर वेळी काळं. मग तो नदी सुरय कसा? कदाचित चोचच फिकी पडली असेल. असं होत नसेल का?

साहेबांना परवापर्यंत कागद हवाय. मनोज घरात काही बोलत नाहीत, पण पारावर लोक त्यांना विचारतात, "तुमच्या मंडळींच्या पाखरापायी आमचं पाणी लांबलं तर काय करायचं?"

तू रागावली नाहीस म्हणतेस. रागावली असतीस तर बरं झालं असतं.

सायली


देवळाली कॅम्प
९ मे

सायली बाळा,

पत्र दोनदा वाचलं. तुझ्यावर विश्वास आहे. चोच तू केलीस आणि पोट तू केलं नाहीस, दोन्ही खरं.

आता तुझ्याच ओळीत उत्तर आहे ते बघ. "दर वेळी दुपारी." पिवळ्या चोचीचा सुरय भर उन्हात काय करतो माहीत आहे? काठाला येऊन पाण्यात पोट बुचकळतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. आपण माठाभोवती ओलं फडकं गुंडाळतो तसं. तुमच्या काठाला सगळा काळा गाळ. त्या गाळात बुडवलेलं पांढरं पोट दुपारी कसं दिसेल? मी अशी फसलेली नाही, पण फसले असते. तुझ्या जागी कोणीही फसलं असतं.

अर्थात हे मी इथे बसून म्हणते. मी चुकतही असेन. चोच फिकी पडली असेल, गाळ नसेल, तो खरंच तो असेल. इथून ठरवता येत नाही. ठरवायची वेळ एकच: पहाट. ऊन नाही, म्हणजे पोट भिजवायचं कारण नाही. रात्रभर कोरड्या वाळूत बसलेला पक्षी उठला की त्याचं पोट बघ. खरं काळं असेल तर तेव्हाही काळं असेल. माझी दुर्बीण वाल्मीकबरोबर पाठवतेय. दोरी गळ्यात अडकव, हातात नुसती धरू नकोस.

सोबत साहेबांच्या नावचं पत्र आहे. जुनं फाडलं, हे नवं आहे. वाचून बघ. "कुंभारटेकच्या बेटावर अंडी घातलेला पक्षी" आणि पुढे जागा कोरी सोडलीय. त्याखाली माझी सही.

नाव तू भर.

उगाच तुझी परीक्षा घ्यावी म्हणून हे करत नाही. माझे डोळे तिथे नाहीत, तुझे आहेत. तू पाहशील ते मी पाहिलं असं समजेन. तू जे लिहिशील त्यावर माझी सही आहे, मग ते काहीही असो. साहेबांनी विचारलं तर मी मागे हटणार नाही. मात्र पहाटे बघितल्याशिवाय पेन उचलायचं नाही, एवढं माझ्यासाठी कर.

आत्या


कुंभारटेक
१० मे

आत्या,

असं पत्र पाठवायला नको होतंस. पाकिटात निखारा ठेवल्यासारखं झालं.

उजाडायच्या आधी काठावर गेले. मनोज सोबत आले. झाडाखाली बसलो. थोडं दिसायला लागलं तसे पक्षी एकेक करून उठले. दुर्बीण मी मनोजच्या खांद्यावर टेकवली. ते म्हणाले, "श्वास घे जरा. बंदूक नाय ती."

पांढरं होतं. सगळ्यांचं. त्याचंही. तो कडेच्या खळग्यातला, मी रोज बघते तो. अंग झटकून उठला, वळला, आणि पोट राखी-पांढरं. काळं कुठेच नाही. चोच पिवळी.

माझी जागा सोडवेना. ऊन चढेपर्यंत बसले. मग तो उडाला, काठाच्या गाळात पोट टेकवून दोन-तीनदा डुबला आणि उठला तेव्हा काळा झाला होता. माझ्यासमोर झाला, आत्या. मग सरळ बेटावर उडत गेला आणि अंड्यांवर बसला.

घरी येऊन कागद पुढे घेतला. खोटं सांगत नाही, पेन बराच वेळ हातात होतं. मनोज चहा ठेवून गेले, तो गार झाला. तुझी सही खाली होती म्हणून नव्हे. तू रागावली असतीस तर मी तुझ्या रागावर लिहिलं असतं, काळ्या पोटाचा म्हणून. पण तू मला नुसतं बघायला सांगितलंस आणि मी बघितलं. आता न बघितल्यासारखं कसं करू?

"नदी सुरय" लिहिलं. मी स्वतः जाऊन दिलं. साहेबांनी वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. "वाईट वाटतं," म्हणाले. "पाणी ठरल्या दिवशी सुटेल." मी मान हलवली आणि तिथेच रडले, सगळ्यांसमोर. फोटोचंही सांगून टाकलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

येताना मोटरसायकलवर मनोज एकदम म्हणाले, "पाणी वर येणार तर घरटी वर घ्यायची ना. क्रेट हायेत की आपल्याकडं." मला आधी कळलंच नाही. टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट! वाळू भरून, त्यावर खळगा करून, वर वर. मागच्या वर्षी पाणी किती चढलं ती खूण आमच्या मोटरच्या खांबावर आहे. दोन क्रेट रचले तर पाण्याच्या वर राहील. तशीच गाडी वळवली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, खूप प्रश्न विचारले, मग वर फोन करून परवानगी काढली आणि त्यांचा वनरक्षक मंगळू सोबत दिला. त्याच्याशिवाय कोणी अंड्याला हात लावायचा नाही अशी अट.

पण पक्षी परत बसतील का? सांग लवकर. वाल्मीक आज माझ्यासाठी दुसरी फेरी मारतोय.

सायली


देवळाली कॅम्प
१० मे, घाईत

सायली,

बसतील, पण एका दमात उंच करू नका. त्याला आपलं घर ओळखू आलं पाहिजे. उद्या वीतभर उचला, परवा आणखी, मग रोज थोडं. सकाळी ऊन तापायच्या आत. एक घरटं उचललं की सगळ्यांनी मागे सरायचं आणि वाट बघायची. तो परत येऊन अंड्यांवर बसला, तरच दुसऱ्याला हात. बसला नाही तर पहिल्यासारखं खाली करा. अंडी होती तशीच ठेवा, टोकं आत. गर्दी नको, कुत्रं नको, रोहित नको.

क्रेटला भोकं असतात. आतून गोणपाट लावा, नाहीतर वाळू गळेल.

जावईबापूंना माझा आशीर्वाद. हा माणूस मी ओळखलाच नव्हता.

मला बातमी येईपर्यंत अन्न गोड लागायचं नाही, हे लक्षात ठेवून पत्र लिही.

आत्या


कुंभारटेक
१७ मे

आत्या,

उशीर झाला. दोन दिवस मी पत्राला हात लावू शकले नाही.

क्रेट चढवले. तू सांगितलंस तसंच, रोज वीतभर. पहिल्या दिवशी एक पक्षी डोक्यावर इतका ओरडला की मंगळू टोपी धरून पाण्यातच बसला. पण परत बसले, आत्या. सगळे बसले. लांबून बघितलं तर वाटावं बाजार भरलाय आणि प्रत्येक जण आपल्या मालावर बसलाय. ज्यांनी पारावर टोमणे मारले होते तेही क्रेट घेऊन आले.

पाणी पंधराला दुपारनंतर आलं. आधी वाळूची कड विरघळली, मग बेट दिसेनासं झालं आणि पाण्यात नुसते क्रेट उभे, त्यांच्यावर पक्षी. आम्ही काठावर. पाणी वरच्या क्रेटच्या निम्म्यावर आलं आणि थांबलं.

मग खालच्या अंगाचे तीन क्रेट कलले. पुढे सांगायला जड जातंय. गोणपाट कमी पडलं होतं, म्हणून त्या तिघांना मी कांद्याच्या जाळीच्या गोण्या लावल्या होत्या. मंगळू म्हणाला होता, चालेल का? मी म्हणाले, चालेल. जाळीतून वाळू वाहून गेली. क्रेट हलके झाले, उलटले. तिन्ही घरटी गेली. कडेच्या खळग्यातला तो, ज्याच्यापायी मी हे सगळं केलं, त्याचंही घरटं त्यातच. संध्याकाळपर्यंत पाण्यावर फिरत होता, चोचीत मासा धरून.

बाकीची आहेत. काल पाणी उतरायला लागलं. आज सकाळी एका क्रेटवर पिल्लू दिसलं, वाळूच्याच रंगाचं. हललं म्हणून कळलं.

साहेब आले होते. त्यांना वरती पाठवायला लेखी हवं होतं, काय केलं आणि काय झालं. गावातले म्हणाले, "सगळी वाचली म्हणून लिही, पेपरात नाव येईल, पुढच्या वर्षी सरकार क्रेट देईल." सरपंचही म्हणाले, "तीन काय, तीस काय, कोण बघायला येतंय?"

मी आधी गेलेली लिहिली. तीन, माझ्या जाळीमुळे. मग वाचलेली.

साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची तारीख लावण्याआधी या बेटावर कोण बसलंय ते मी तुमच्याकडून लिहून घेणार. फोटो नसला तरी चालेल. आणि तुमचा कागद मी आधीच पाठवला, तर तारीख मागेपुढे करायला त्यांनाही सोपं जाईल."

ते गेल्यावर मनोज हसायला लागले. म्हणाले, "झालं! आता जन्मभर तुला खोटं बोलायची सोय राहिली नाय."

तुझी,
सायली